खूण कुठवर आली?

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचणाऱ्यांच्या कट्ट्यावर पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

ठाण्यात आमचा एक छोटा वाचनकट्टा भरतो. महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा, कुणाच्या तरी घरचा हॉल, आठ-दहा माणसं आणि दोनदा चहा. विषय एकच: सध्या काय वाचताय? विज्ञानकथा आणि अद्भुतकथा सोडून दुसरं सहसा कुणी आणत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी एखादं नवं माणूस येतं आणि त्याची पाळी आली की हमखास म्हणतं, "माझं पुस्तक अजून संपलं नाहीये हो, पुढच्या वेळी सांगते." पिशवीतलं पुस्तक पिशवीतच राहतं.

मीही पहिल्या खेपेला हेच म्हणाले होते. तेव्हा शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं, "खूण कुठवर आली?" मी म्हटलं, निम्म्याच्या थोडी अलीकडे. ते म्हणाले, "मग हीच वेळ आहे. बोल."

त्यांचं म्हणणं मला पुढे पटत गेलं. पुस्तक संपलं की आपण त्याच्याबद्दलचं मत घडी घालून ठेवून देतो. मधे असताना मात्र आपण त्या जगात पुरते अडकलेले असतो. कोण खरं बोलतंय ते कळलेलं नसतं, भलत्याच पात्रावर जीव जडलेला असतो, एखादा नियम डोक्यात शिरत नसतो. ही अवस्था थोडेच दिवस टिकते आणि ती बोलून दाखवायला दुसरी जागा नसते. परीक्षण लिहायचं तर पुस्तक संपवावं लागतं, कट्ट्यावर यायला ते उघडलेलं असलं की झालं.

आधीच्या वाचकांना तर ही अवस्था आपोआप मिळायची. १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचं मराठी रूप क्रमशः येत होतं. पुढचा अंक हातात पडेपर्यंत सगळे वाचक एकाच पानावर थांबलेले! फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' ही विज्ञानकादंबरी १९६५ साली पुस्तक म्हणून आली, पण त्याआधी १९६३ ते १९६५ मध्ये ती 'अॅनालॉग' मासिकातून तुकड्यातुकड्यानं वाचली गेली होती. महिनाभर थांबायचं म्हटलं की माणसं पुढचे अंदाज बांधत एकमेकांशी बोलणारच. आज आख्खा ठोकळा एकदम हातात येतो, म्हणून हे मधलं बोलणं आपण मुद्दाम घडवून आणायचं.

जे हातात आहे तेच आणा

नवे लोक येण्याआधी आठवडाभर कट्ट्याला शोभेल असं पुस्तक शोधत बसतात. तसं करू नका. दिवाळी अंकातली एक कथा, मोबाईलवर वाचत असलेली कादंबरी, लोकलमध्ये कानात घालून ऐकत असलेलं पुस्तक, लेकीला रात्री वाचून दाखवत असलेली परीकथा, चौथ्यांदा उघडलेलं जुनं पुस्तक, सगळं चालतं. चित्रकथा चालते. भाषा कुठलीही चालते, बोलायचं मराठीत.

हाताशी काहीच नसेल तर लघुकथेपासून सुरुवात करा. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांना मिळणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांमध्ये लांबीवरून वर्ग पाडलेले असतात. ७,५०० शब्दांच्या आत असेल ती लघुकथा, ४०,००० शब्दांपासून पुढे कादंबरी, आणि मधे आणखी दोन वर्ग. ७,५०० शब्द म्हणजे एका संध्याकाळचं वाचन. शिवाय मराठी विज्ञानकथेचा खरा जोर कथेतच आहे, कारण ती मासिकं, दिवाळी अंक आणि स्पर्धांमधून वाढली.

स्पर्धेवरून एक गोष्ट सांगते, कारण ती प्रत्येक नव्या माणसाला सांगावीशी वाटते. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेते. १९७४ साली या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी फिरवून त्यांनी हे नाव घेतलं होतं, कारण जगभर गाजलेल्या खगोलशास्त्रज्ञाचं नाव बघून निकाल लागावा असं त्यांना वाटत नव्हतं. कट्ट्यावर पुस्तक आणताना हे डोक्यात ठेवा. पुस्तक किती मोठ्या माणसाचं आहे, त्याला कुठले पुरस्कार आहेत, हे आम्ही विचारणार नाही. तुम्हाला त्यात काय दिसतंय ते सांगा.

येण्याआधी चार ओळी लिहून काढा

पाळी आली की नव्या माणसाला पात्रांची नावंसुद्धा आठवत नाहीत, म्हणून एका चिठ्ठीवर चार ओळी लिहा. खूण म्हणून तीच चिठ्ठी पुस्तकात घाला, म्हणजे हरवणार नाही.

पहिल्या ओळीत पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि भाषांतर असेल तर भाषांतरकाराचंही नाव. शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि मला ते खटकतं, कारण परक्या भाषेतलं अख्खं जग मराठीत उभं करायचं म्हणजे शब्द शोधता शोधता माणूस थकून जातो. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचं मराठी नाव आहे 'हॅरी पॉटर आणि परीस'. या एका 'परीस' शब्दावर आमच्याकडे अर्धा तास बोलणं झालं होतं. परीस म्हटलं की मराठी वाचकाला क्षणात कळतं, लोखंडाचं सोनं करणारा दगड. समजवावं लागत नाही. पण मूळ गोष्टीतला दगड अमर करणारा रसही देतो, आणि आपल्या परिसाला ते जमत नाही. म्हणजे शब्दानं निम्मं काम फुकटात केलं आणि उरलेलं निम्मं गोष्टीवर सोपवलं. तरी मला ती निवड फार आवडते. असं काही तुमच्या पुस्तकात भेटलं तर ते जरूर टिपा.

दुसऱ्या ओळीत खूण कुठवर आली ते. पान क्रमांक आणि एकूण पानं. ऐकत असाल तर कितवा तास.

तिसऱ्या ओळीत या जगात आपल्या जगापेक्षा काय वेगळं आहे ते. एकाच वाक्यात बसवा. वाक्य जमत नसेल तर तेच लिहा, "नियम अजून कळलेला नाही." त्यावरही बोलता येतं.

चौथ्या ओळीत एक तर मनात घर करून बसलेली गोष्ट, नाहीतर टोचणारी गोष्ट.

बोलताना गोष्ट सांगत बसू नका

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. समजा, तुम्ही वाचताय त्या कादंबरीत एक बंदर आहे आणि तिथल्या पेढीवर माणसाला आपली सावली गहाण टाकता येते. (असं पुस्तक नाही, उदाहरणापुरतं मीच रचलंय.) नवा माणूस सांगायला लागतो तो असा: "एक मुलगा असतो, त्याचे वडील वारलेले असतात, मग तो काकाकडे जातो, काका त्याला हाकलतो, मग तो बंदरावर येतो, मग..." तीन मिनिटं संपतात आणि सावली अजून आलेलीच नसते.

तेच असं सांगून बघा: "या गावात सावली गहाण टाकता येते. सावली नसलेल्याला दिवसा देवळात घेत नाहीत, रात्री मात्र सगळे सारखेच. मी एकशे बाराव्या पानावर आहे आणि मला अजून कळत नाहीये की पेढीवाला इतक्या सावल्या साठवून करतो काय."

तीन वाक्यं झाली आणि खोलीतले सगळे पुढे सरकून बसले. आता प्रश्न तेच विचारतील. दुसऱ्याची सावली विकत घेता येते का? ढगाळ दिवशी काय होतं? या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नसतील आणि नसावीतच. घरी जाऊन पुढची पानं वाचताना ती तुम्ही शोधणार आहात, आणि एकट्यानं वाचताना जी पानं भरकन उलटली असती तिथे थबकणार आहात. माझ्या वाचनात कट्ट्यामुळे झालेला सगळ्यात मोठा बदल हाच.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांचं हे वैशिष्ट्य आहे. साध्या सामाजिक कादंबरीत जग ओळखीचं असतं, म्हणून माणसांपासून सुरुवात केली तरी चालते. इथे आधी जमीन दाखवावी लागते. नियम सांगा, मग त्या नियमाचा कुणाला त्रास होतोय ते सांगा आणि थांबा. तीन मिनिटं पुरतात.

रसभंग

स्पॉयलर हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, पण मला आपला रसभंग हा शब्द जास्त नेमका वाटतो. नासतो तो वाचणाऱ्याचा रस, पुस्तक आहे तसंच राहतं.

आमचा नियम सोपा आहे. जे बोलायचं ते आपल्या खुणेच्या अलीकडचं, आणि त्यातही शक्यतो पहिल्या चौथाईतलं. त्यापुढचं सांगायचं असेल तर आधी विचारायचं, "हे कुणाला वाचायचंय?" एक जरी हात वर झाला तरी ते बोलणं चहाच्या वेळी, बाल्कनीत.

लघुकथेला चौथाईही जास्त होते. पुष्कळ विज्ञानकथा एका कल्पनेवर उभ्या असतात आणि ती कल्पना उघडते शेवटच्या परिच्छेदात. तिथे पहिल्या पानापलीकडे जाऊ नका. मालिका असेल तर आणखी जपा. तिसऱ्या खंडात अमुक पात्र आहे एवढं म्हटलं तरी ते पहिल्या दोन खंडांत मरत नाही हे सांगून झालेलं असतं. तिसऱ्या खंडाचं मलपृष्ठ मोठ्यानं वाचून दाखवू नका, ते याच कारणासाठी. आणि "शेवट असला जबरदस्त आहे ना, तुम्हाला कल्पनाच येणार नाही" हासुद्धा रसभंगच. ऐकणारा त्या पानापासून धक्क्याची वाट बघत वाचतो.

कुणीतरी म्हणतंच, आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला सीतेचं पुढे काय झालं ते माहीत असतं, तरी माणूस बसतो ना? खरं आहे. रामकथेचा रस सांगण्यात आहे आणि काही अद्भुत कादंबऱ्यांचंही तसंच असतं, शेवट कळला तरी त्या दहादा वाचवतात. पण आपल्या हातातलं पुस्तक कुठल्या जातीचं आहे हे अर्ध्यावर असताना आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून गप्प राहिलेलं बरं.

पुस्तक जुनं आहे म्हणून सूट मिळत नाही. चार वर्षांपूर्वी मी एका नववीतल्या मुलीसमोर एका पन्नास वर्षं जुन्या कादंबरीतला मोठा उलगडा सहज बोलून गेले. ती तेच पुस्तक वाचत होती, तिची खूण त्या पानाच्या बरीच अलीकडे होती. तिनं काही न बोलता पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मला ते आजही आठवतं आणि वाईट वाटतं. पन्नास वर्षं जुनं पुस्तक तिच्यासाठी त्या आठवड्यातलं होतं.

जाड पुस्तक हाती असेल तर

इंग्रजीतली मोठी अद्भुत कादंबरी पहिल्यांदा वाचणाऱ्यांची एक अडचण असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही: नावं वाचताच येत नाहीत. डोळे नुसते आकारावरून पुढे सरकतात आणि दोनशे पानांनंतर तीन पात्रांची सरमिसळ होते. उपाय आपल्या लिपीतच आहे. नवं नाव आलं की खुणेच्या चिठ्ठीमागे ते देवनागरीत लिहा, तुम्हाला वाटेल त्या उच्चारानं. एकदा लिहिलं की त्यालाच धरून राहा. कट्ट्यावर बोलताना उच्चार चुकला तर कुणी हसणार नाही, आमच्यातले निम्मे लोक आपापल्या उच्चारानंच बोलतात.

दुसरं, सुरुवात करण्याआधी पुस्तकाची शेवटची पानं चाळा. शेवटचं प्रकरण सोडून, त्याच्याही मागची. 'ड्यून'च्या मागे त्या जगातल्या शब्दांचा कोश आहे. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टांत उच्चार कसे करायचे तेही दिलंय. मात्र परिशिष्टातल्या कालपटात पुढच्या घटना असतात, त्या पानांवर रेंगाळू नका. नकाशा असेल तर त्याचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा, दर वेळी पानं मागे उलटावी लागत नाहीत.

ऐकणाऱ्याचं काम

दुसऱ्याच्या हातातलं पुस्तक तुम्ही आधीच वाचलेलं असेल तर परीक्षा तुमची आहे. "अजून तिथेच आहेस? पुढे बघ काय होतं ते!" असं म्हणू नका. चेहराही जपा. तो चुकीच्या पात्रावर भरवसा ठेवत असेल तर ठेवू द्या, लेखकानं त्याची सोय केलेली असते. तुम्ही विचारायचं ते एवढंच: तुला काय वाटतं, पुढे काय होईल? आणि त्याचं उत्तर मन लावून ऐकायचं. पुस्तक पहिल्यांदा वाचताना कसं वाटलं होतं ते तुम्ही विसरलेले असता, तो ते तुम्हाला परत आणून देतो.

हे विज्ञानकथेत बसतं का, हा वाद कट्ट्यावर उभा राहतोच. नारळीकरांच्या कथेत विज्ञान हा कणा असतो, काढून घेतला तर कथा पडते. नारायण धारपांनी समर्थांसारखं अतींद्रिय शक्तीचं पात्र घडवलं, पिढ्यांना रात्री दिवा लावून झोपायला लावणाऱ्या भयकथा लिहिल्या आणि त्याच हातानं विज्ञानकथाही लिहिल्या. मराठी वाचनालयांच्या कपाटात विज्ञानकथा, गूढकथा, भयकथा शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि मला त्या तशाच बऱ्या वाटतात. वाद घाला, पण कुणाचं पुस्तक बाहेर काढू नका.

अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकाबद्दलही बोला. कितव्या पानावर सोडलं आणि तिथे काय होतं, एवढं सांगितलंत तर ती उत्तम माहिती आहे. "बोअर आहे" यातून कुणालाच काही मिळत नाही. "ऐंशी पानं झाली तरी युद्धाचीच वर्णनं, माणूस एकही भेटला नाही" असं म्हटलंत तर युद्धवर्णनं आवडणारा लगेच म्हणतो, मला दे.

पुस्तकं मिळवायची कुठे

हा प्रश्न सगळेच विचारतात. मराठीतली जुनी विज्ञानकथांची पुस्तकं दुकानात सहज मिळत नाहीत, पुष्कळांच्या आवृत्त्या संपल्यात. त्यासाठी जुनी वाचनालयं गाठा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ चं. तिथे गेल्यावर नुसतं "विज्ञानकथा आहेत का" विचारण्यापेक्षा लेखकांची नावं घेऊन विचारा: बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे. काउंटरवरच्या माणसाला कपाट लगेच आठवतं. इंग्रजीतली वापरलेली पुस्तकं मुंबईत फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर चाळता येतात. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एक सकाळ काढा.

दिवाळीनंतर गल्लीतल्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना घ्या. एकदा पैसे भरले की महिनोन् महिने अंक बदलून मिळतात, आणि विज्ञानकथा शोधत दहा-पंधरा अंक चाळायचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ कट्ट्यावर वाटत नाही. मराठीत विज्ञानकथा लिहून घर चालत नाही, जे लिहितात ते आवडीपोटी लिहितात. त्यांची निदान विक्री तरी आपण मारू नये.

आपापसात उसनी दिलेली पुस्तकं वहीत लिहिली जातात: कुणी, कुणाला, कधी. उसन्या पुस्तकात पेन्सिलनंसुद्धा खुणा करू नका, कोपरे दुमडू नका.

जवळपास कट्टा नसेल तर

दोन माणसं पुरतात. माझी मावसबहीण मस्कतला असते. ती शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी फोन करते आणि पहिला प्रश्न तोच असतो, खूण कुठवर आली. आम्ही एकच पुस्तक वाचत नाही, त्यामुळे रसभंगाची भीती कमी आणि उत्सुकता दुप्पट.

पुस्तक संपल्यावर

पुढच्या महिन्यात जुनी चिठ्ठी घेऊन या. मधे असताना काय वाटलं होतं ते वाचून दाखवा आणि आता काय वाटतं ते सांगा, उलगडा न फोडता. माझ्याकडे अशा चिठ्ठ्यांचा एक डबा आहे. बऱ्याच पुस्तकांचा शेवट मी विसरलेय, पण कुठे अडले होते ते चिठ्ठीवर आहे.

या महिन्याची माझी चिठ्ठी नमुन्यादाखल देते:

धूमकेतू, जयंत नारळीकर, कथा, मूळ मराठी. मे २०२५ मध्ये ते गेल्यापासून त्यांच्या कथा पुन्हा वाचतेय.

खूण: निम्म्यावर. दुसरं वाचन, पहिलं शाळेत असताना.

जग: आपलंच. दत्तदा नावाचे हौशी आकाशनिरीक्षक घरच्या दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधतात.

टोचणारं: शाळेत वाचताना मी सगळा वेळ धूमकेतूकडे बघत होते. या वेळी लक्ष दत्तदांच्या बायकोकडे जातंय. नवऱ्याचं नाव त्या धूमकेतूला मिळालं याचा तिला आनंद का होत नाही?